डोक्यावरचा डोंगर

त्या दिवशी सलूनला दुपारनंतर सुट्टी होती. धाकटीने फरशी झाडली, कात्र्या पुसून ठेवल्या, पंखा बंद केला आणि ती दार ओढून घेणार तेवढ्यात तो आत आला — भर उन्हाळ्यात डोक्यावर लोकरीची टोपी घालून.

बंद झालं का, असं त्याने विचारलं. झालंय, पण आधी ती टोपी काढा, बघूनच मला घाम फुटतोय, असं ती म्हणाली. त्याने टोपीला हात लावला, पण काढली नाही. आधी रस्त्याकडे पाहिलं, मग आरशाकडे, मग तिच्याकडे…

"हसणार नसाल तर काढतो."

"नाही हसणार."

हा शब्द काही तिला पाळता आला नाही. टोपीखालून आधी केसांचं रान बाहेर पडलं — काळं, कुरळं, कपाळावर उड्या घेणारं. तिथवर ठीक होतं. मग तो वळला. मागे, मानेच्या जरा वर, कुणीतरी केसांत मशीन फिरवून काहीतरी काढलं होतं. गोलसर अंग, त्याला फुटलेले पाच वाकडेतिकडे पाय, आणि सगळं एका बाजूला असं कललेलं की त्या प्राण्याला चक्कर आली असावी.

धाकटीने तोंडावर नॅपकिन धरला. खांदे हलायचे ते हललेच.

"ऑक्टोपस आहे," तो गंभीरपणे म्हणाला.

"त्याला आठ पाय असतात ना?"

"आठच ठरले होते. पाचव्या पायाला मुलांचा धीर सुटला."

आज इतक्या वर्षांनीही धाकटीला त्या दुपारचं बारीकसारीक आठवतं. पावडरीचा वास, दारातून तिरपं आलेलं ऊन, बंद केलेल्या पंख्याची अजून थोडी फिरत राहिलेली पाती. आणि डोळे पुसता पुसता मनात आलेला विचार, की आपण असं पोट धरून शेवटचं कधी हसलो होतो…

हसण्यासारखं काही घडलंच नव्हतं त्या वर्षी. घरात दोघी बहिणी. थोरली लग्न होऊन गेली, तरी गिऱ्हाइकांपासून पोस्टमनपर्यंत सगळे हिला धाकटीच म्हणत. ती चित्रकला शिकली, मग केस विणून विग करायला शिकली, आणि राजधानीतल्या मोठ्या नाट्यगृहाच्या विग विभागात तिला जागाही मिळाली. सामान बांधून झालं होतं. त्याच आठवड्यात बाबा स्टुलावर चढून दिवा बदलायला गेले आणि उजव्या मनगटावर पडले. प्लास्टर निघालं, पण बोटं कात्रीला वळेनात. डॉक्टरांनी त्यांच्या हातात एक रबरी चेंडू दिला, दिवसभर दाबत राहा म्हणून सांगितलं. सामान सोडून धाकटी बाबांच्या खुर्चीमागे उभी राहिली. तिने याबद्दल कुणापाशी चकार शब्द काढला नव्हता. पण हसू मात्र कुठेतरी हरवलं होतं खरं.

तिने त्याला खुर्चीत बसवलं, मानेभोवती कापड बांधलं आणि त्या प्राण्याकडे नीट निरखून पाहिलं.

"याचा ऑक्टोपस आता होणार नाही. पण पाच आहेत ना — चार पाय आणि एक डोकं. कासव होईल."

"कासवाला शेपूटही असतं."

"ते मी देते. माझ्याकडून."

मशीन चालू झालं आणि त्याने सगळी कर्मकथा सांगितली. तो शाळेत भूगोल शिकवायचा. मुलं त्याला झिपरे सर म्हणत. नवीन पालकांना ते आडनावच वाटे आणि तो कुणाला दुरुस्त करत नसे. मूळ नाव झिपऱ्या, ते ठेवलं त्याच्या ताईने. ताई त्याच्याहून बरीच मोठी. तिला लहानपणापासून दिसत नाही, आणि लहानपणी घरातल्या गर्दीत आपला भाऊ कुठला, हे ती त्या केसांत हात घालून ओळखायची. आता ती अंध मुलांच्या शाळेत वाचायला शिकवत होती. ब्रेलमधल्या प्रत्येक पुस्तकाची तिथे एकच प्रत. एकाची गोष्ट वाचून होईपर्यंत बाकीची मुलं हात चोळत बसायची. ब्रेल छापायचं स्वतःचं यंत्र हवं होतं. शाळेला ते झेपणारं नव्हतं.

"मग मी वर्गात बोलून गेलो," तो म्हणाला, "की तुम्ही यंत्रासाठी मदत गोळा करा, जो देईल त्याने सांगावं ते चित्र मी डोक्यावर काढून घेईन. मला वाटलं, मुलं विसरतील."

"मुलं कधी विसरतात का?"

"दुसऱ्या दिवशी मशीन घेऊन आली."

तिने कासवाच्या पाठीवर बारीक चौकटी काढल्या, पायांना नखं काढली, आणि मागे हातातला आरसा धरला. त्याने मान इकडून तिकडून वळवून पाहिली. मग हळूच म्हणाला, "हे माझ्या डोक्यावर आहे?"

"पुढच्या वेळी मुलांच्या हातात मशीन देऊ नका."

"पुढच्या वेळी…" त्याने आरशातूनच तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे पुढची वेळ आहे तर."

ती कापड झटकायला वळली. कापडावर झटकण्यासारखं फारसं काही नव्हतं.

आणि मग पुढची वेळ आली, त्याच्या पुढची आली, आणि त्या उन्हाळ्यातली प्रत्येक सुट्टीची दुपार त्याच खुर्चीत जाऊ लागली. सगळं गाव त्या डोक्याकडे डोळे लावून बसलं. चौकात तो रस्ता ओलांडायला थांबला की मागचे लोक पुढे यायचं सोडून मागेच रेंगाळायचे. बेकरीवाल्याने मदत दिली, त्याच्यासाठी ओव्हनमधून फुगून वर येणारा पाव झाला. अग्निशमन दलाने शिडी मागितली. ती मानेपासून थेट टाळूपर्यंत गेली. पोस्टातल्या बाईंसाठी चोचीत पाकीट धरलेला पक्षी झाला, आणि त्याच्या पंखांतलं पीसन् पीस धाकटीने असं काढलं की बाई खिडकी सोडून बाहेर आल्या.

बाबा कोपऱ्यातल्या बाकावर बसून चेंडू दाबत. आधी त्यांनी नाक मुरडलं — केस नीटनेटके करायचा आपला धंदा, त्यात हे काय आरंभलंय. मग एके दिवशी तेच उठून म्हणाले, त्या शिडीची तिसरी पायरी जरा खाली आहे. त्या दिवसापासून सल्ले देण्यात ते कुणाला हार गेले नाहीत.

बोलणं सगळं आरशातून चालायचं. त्याची मान खाली, तिचे डोळे कामात. मध्येच तो नजर वर करायचा, ती बोटाने त्याचं डोकं पुन्हा खाली दाबायची. हलू नका, नाहीतर पक्ष्याचं डुक्कर होईल, असं म्हणायची. तो म्हणायचा, झालं तर झालं, पुन्हा यावं लागेल एवढंच. तिच्या बोटांना त्या डोक्याची ओळख झाली. उजव्या कानामागे लहानपणी सायकलवरून पडल्याची खूण होती, टाळूवर दोन भोवरे होते, आणि हसला की कानाच्या पाळ्या आधी लाल व्हायच्या, मग हसू यायचं. आपल्याला हे एवढं का लक्षात राहतं, असा प्रश्न तिने स्वतःला विचारला नाही. विचारला असता तर उत्तर द्यावं लागलं असतं.

एकदा तो जरा उतरलेल्या चेहऱ्याने आला. ताईने त्याला फैलावर घेतलं होतं. सगळं गाव तुझं डोकं बघून तोंडात बोटं घालतं, आणि ज्यांच्यासाठी हे चाललंय त्या माझ्या मुलांना त्याचा काय उपयोग? त्यांनी नुसतं ऐकायचं? मी परवा हात फिरवला तर मला काही कळलं नाही; सगळीकडे सारखंच खरखरीत.

धाकटीने मशीन खाली ठेवलं. काही वेळ ती नुसतीच त्या केसांकडे बघत उभी राहिली. मग खण उघडून तिने मशीनला लावायचे लहानमोठ्या मापाचे सगळे कंगवे काढून ओळीने मांडले.

"सर, तुम्ही भूगोल शिकवता. डोंगर सांगा मला. वरून खालपर्यंत कसा उतरतो ते."

तो सांगत गेला, ती काढत गेली. टाळूवर केस लांब ठेवले, ते शिखर. त्याच्याखाली जरा आखूड, त्याच्याखाली आणखी आखूड, असे टप्पे उतरत गेले. आणि कडेने मानेपर्यंत नदी — तिथे पार कातडीपर्यंत गुळगुळीत. दुपार टळली, संध्याकाळचं ऊन बाटल्यांवर येऊन पिवळं झालं, बाबा दोनदा चहा ठेवून थंड झालेला परत घेऊन गेले. शेवटी तिने डोळे मिटले, आणि स्वतःच बोटं फिरवून पाहिली. शिखरापासून नदीपर्यंत. हळूहळू…

तो श्वास रोखून बसला होता. तिच्या हे ध्यानात आलं आणि तिने हात काढून घेतला. आरशात दोघांनीही एकमेकांकडे पाहायचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी त्याने तिला अंध शाळेत ओढूनच नेलं. तो वर्गाच्या मधोमध ठेंगण्या बाकावर मान खाली घालून बसला आणि मुलं एकेक करून त्याच्या डोक्याशी आली. आधी गडबड, ढकलाढकली. मग एकाएकी वर्ग शांत. बोटं चढत होती, उतरत होती. एक लहान मुलगी नदीवर येऊन थांबली आणि म्हणाली, इथे गार लागतंय, इथे पाणी आहे. दुसरीने विचारलं, वर जायला रस्ता कुठून? रस्ता नव्हताच. धाकटी वर्गाच्या दाराशी उभी होती, तिने तिथूनच कबूल केलं की रस्ता राहिला, पुढच्या वेळी नक्की काढेन.

सगळ्यांत शेवटी ताई आली. तिने सावकाश, शिकवायच्या सवयीने, प्रत्येक टप्प्यावर थांबत सगळा डोंगर वाचला. मग भावाला म्हणाली, पाणी घेऊन ये बाहेरून. तो गेल्यावर तिने दाराच्या दिशेने हात पुढे केला.

"तूच ना धाकटी? ये इकडे." तिने धाकटीचा हात हातात घेतला, पंजा चाचपून पाहिला आणि हसली. "ज्या हाताने हे केलं, त्या हाताला अजिबात घाई नव्हती, एवढं मला कळलं."

ताईला आपला लाल झालेला चेहरा दिसत नाही याचा तिला क्षणभर आधार वाटला; पण ताईच्या हसण्यावरून तो आधारही खरा नसावा असं दिसलं.

तो त्या उन्हाळ्यातला सगळ्यात सुखाचा काळ. पुढे कधीही ती एकटी बसून मागचं आठवू लागली की मन आधी तिथेच जायचं — रस्ता काढलेला दुसरा डोंगर, मग बेट, मग मुलांनी मागितलेला, खवल्यांसकट बोटांना कळणारा मासा. गावाकडूनही मदत वाढत चालली. लोक बघायला येत होते तसे आता हात लावून बघायलाही परवानगी मागत, आणि तो बसस्टॉपवरसुद्धा निमूट मान खाली घालायचा.

उन्हाळा सरत आला तशी बाबांची बोटं वळायला लागली. एक दिवस त्यांनी स्वतः एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाची दाढी केली, आणि त्याच आनंदात झिपरे सर आल्या आल्या सगळं बोलून टाकलं. आता हात बरा झाला, आता काळजी नाही, आता ही सुटली बिचारी. राजधानीतल्या त्या नाट्यगृहाच्या बाईंचा पुन्हा फोन आला होता. जागा अजून ठेवली आहे, महिनाअखेरपर्यंत काय ते कळव, म्हणाल्या. माझ्यापायीच तर अडकून पडली होती ती…

धाकटी आतून टॉवेल घेऊन येत होती. ती दारातच थबकली. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि मग खुर्चीत जाऊन बसला. कासवाच्या दिवसापासून पहिल्यांदाच त्याला काही बोलायचं नव्हतं.

"आज काय काढायचं?" तिने विचारलं.

"एक रेघ."

"नुसती रेघ?"

"हो. सरळ. तुमचा वेळ कशाला घ्यायचा उगाच."

तिने रेघ काढली. उन्हाळाभरात तिच्या हातून इतकं सरळ आणि इतकं वाईट काही निघालं नव्हतं. तो आभार मानून निघून गेला. तिने केस झाडले. ते चिमूटभरच होते. बाबा बाकावरून म्हणाले, मी काही चुकीचं बोललो का? ती म्हणाली, नाही बाबा. आणि आत जाऊन नळ सोडून उगाचच टॉवेल धूत बसली.

त्याला त्या फोनबद्दल तिला सांगायचं होतंच. रोज आज सांगू म्हणायची आणि रोज राहून जायचं. सांगितलं की ते खरं होणार होतं, आणि तिला मुळी जायचंच नाही असं आता वाटू लागलं होतं. नाट्यगृहाच्या बाईंना नाही म्हणून कळवायचं, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. ठरवल्यावर माणसाला हलकं वाटतं म्हणतात. तिला तसं काही वाटलं नाही.

त्याच आठवड्यात बातमी आली — यंत्रासाठी लागत होतं तेवढं जमलं. नववीच्या मुलांनी शेवटची मागणी आधीच करून ठेवली होती. ज्या दिवशी जमेल त्या दिवशी सरांचं पूर्ण टक्कल. तेही शाळेच्या पटांगणात, सगळ्यांसमोर.

पटांगणात खुर्ची मांडली गेली. बेकरीवाला, पोस्टातल्या बाई, शिडीवाले जवान, दोन्ही शाळांची मुलं, कोपऱ्यात बाबा आणि ताई शेजारी शेजारी. आभाळ भरून आलं होतं, मधूनच एखादा थेंब पडत होता, पण कुणी हललं नाही. अंध शाळेच्या मुलांनी गाणं धरलं. धाकटीने कापड बांधलं आणि मशीन चालू केलं, तेव्हा तिच्या ध्यानात आलं की एवढ्या माणसांत, या गाण्यात आणि मशीनच्या घरघरीत, आपण दोघं काय बोलतो ते कुणालाच ऐकू येणार नाही.

कपाळावरचा पहिला कुरळा झुबका खाली पडला.

"एक सांगायचं होतं," तो म्हणाला. "ते पोस्टातल्या बाईंनी नुसतं पाकीट सांगितलं होतं. पक्षी माझ्या मनाचा."

"माहीत आहे."

"कसं?"

"बाई केस कापायला माझ्याकडेच येतात. बेकरीवाल्यानेही नुसता गोल पाव सांगितला होता."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मग काही बोलला नाहीत ते?"

"अवघड असलं की वेळ लागायचा," ती म्हणाली.

मशीन कानामागून फिरलं. ती सायकलची जुनी खूण उघडी पडली. तिचा अंगठा तिथे जरा जास्तच थांबला.

"मी त्यांना नाही म्हणून कळवणार आहे," तिने सांगितलं. "राजधानीला नाही जाणार मी."

"बाबांचा हात तर बरा झाला."

"बाबांच्या हातासाठी नाही."

"मग कशासाठी?"

गाण्याचं कडवं संपत आलं होतं. "तुला माहीत आहे कशासाठी," ती म्हणाली, आणि 'तू' तोंडातून निघून गेल्यावर मशीन भलतीकडेच वळलं. बरं, की आता चित्र बिघडायचं राहिलं नव्हतं.

तो मान खाली घालून बसला होता तसाच बसून राहिला. फक्त त्याचा आवाज बदलला.

"माहीत आहे. त्या डोंगराच्या दिवसापासून माहीत आहे. आणि म्हणूनच सांगतो… जा. तू राहिलीस, आणि पुढे कधीतरी माझे केस कापता कापता तुला ते नाट्यगृह आठवलं, तर मला ते आरशात दिसेल. ते मला सोसणार नाही."

"त्या रेघेच्या दिवशी मग राग कशाचा होता?"

"राग तुझ्यावर नव्हता. तू जाऊ नयेस असं मला वाटलं, त्याचा होता."

थेंब जरा दाट झाले. तिने शेवटचा फेर फिरवला. ज्या डोक्यावर तिने उन्हाळाभर पक्षी, बेटं आणि डोंगर काढले होते, ते आता गोल, उघडं, लहान मुलासारखं दिसत होतं. तिने ओल्या कापडाने ते पुसलं. तिने मशीन बंद केलं आणि सगळं पटांगण टाळ्यांनी दणाणलं.

ताईला पुढे आणलं. तिने दोन्ही हात भावाच्या डोक्यावर ठेवले आणि म्हणाली, हा कोण परका माणूस बसवलाय? सगळे हसले. तिचे हात मात्र तिथेच राहिले. मग ती हळू आवाजात म्हणाली, आता काही महिने सतत बोलत राहा रे बाबा, नाहीतर माझी चुकामूक व्हायची. धाकटीने तोंड दुसरीकडे वळवलं. पाऊस होता म्हणून बरं.

ती राजधानीला गेली. नाट्यगृहाच्या तळघरात लांब टेबलं होती, लाकडी डोकी होती, आणि एकेक केस जाळीत ओवायचं काम. राजांचे, म्हाताऱ्यांचे, विदूषकांचे केस तिच्या हातून झाले. पहिल्या प्रयोगाला ती पडद्याआडून आपला विग डोक्यावर मिरवणाऱ्या नटीकडे बघत राहिली, आणि त्याच्या त्या 'जा'साठी तिने मनातल्या मनात त्याचे आभार मानले. दर सुट्टीच्या दुपारी ती सलूनमध्ये फोन लावायची. बाबांशी बोलून झालं की पलीकडे कुणीतरी खाकरायचं. सहज आलो होतो, असं तो दर वेळी सांगायचा. मग दोघं बोलत बसायचे — ब्रेलचं यंत्र किती आवाज करतं, ताई त्याच्याशी कशी भांडते, मुलं आता एकाच वेळी एकच गोष्ट कशी वाचतात. सगळं बोलायचे, आणि खरं ते तेवढं बोलायचं राहायचं. फोन ठेवल्यावर ती लाकडी डोक्यांमध्ये बसून उगाच हसायची.

वर्ष उलटलं, नाट्यगृहाला सुट्टी लागली, आणि ती घरी यायला निघाली. स्टँडवर घ्यायला बाबा एकटेच आले होते. सामान उचलताना त्यांनी जरा चाचरत सांगितलं, दुकानात सर बसलेत, बघून घाबरू नकोस. कशाला घाबरू, तिने विचारलं. बाबा म्हणाले, तूच बघ. गेलं वर्षभर दर आठवड्याला येतो, पेपर वाचतो, चहा पितो, फोनची वाट बघतो आणि जातो. मी दर वेळी कात्री हातात घेतो. डोक्याला हात लावू देत नाही. मुख्याध्यापकांनी दोनदा सांगून पाहिलं.

सलूनच्या दारात ती थांबली. तो खुर्चीत बसला होता. केस मानेखाली उतरले होते, काळे, कुरळे, मागे एका रबरबँडमध्ये कसेबसे कोंबलेले. कपाळावरचं रान परत माजलं होतं. तिला पाहून तो उठला, पुन्हा बसला, आणि काय करावं न सुचून पेपराची घडी घालू लागला. पेपर कितीही वेळा दुमडला तरी त्याच्या मनासारखा होईना.

"हे काय करून घेतलंय?" तिने विचारलं.

"वेळ मिळाला नाही."

"वर्षभर?"

त्याने पेपर खाली ठेवला. "दुसऱ्या कुणाच्या हाताखाली मान घालवेना."

बाबांनी घसा साफ केला, दूध संपलंय म्हणाले आणि पिशवी घेऊन बाहेर पडले. दूध सकाळीच आणलेलं होतं.

तिने बॅग भिंतीशी ठेवली, बाह्या सारल्या, खुंटीवरचं कापड काढलं आणि त्याच्या मानेभोवती बांधलं. रबरबँड सोडवताना केसांत अडकला. तिने तो ओढला नाही, एकेक बट बाजूला करत सोडवला. केस मानेवर पसरले. ती मागे उभी राहिली आणि दोघांनी आरशात एकमेकांकडे पाहिलं. या वेळी कुणी नजर चुकवली नाही.

"मला अजून दोन वर्षं तिथे शिकायचंय," ती म्हणाली.

"माहीत आहे. तिथल्या शाळांमध्येही भूगोल शिकवतात, मी चौकशी केलीय. ताई म्हणते, तू जा, मला घर मोकळं मिळेल."

"आणि मी नको म्हटलं तर?"

"तर मी इथेच बसेन, आणि केस वाढत राहतील. बघ, तुला काय चालतंय ते."

तिला हसू आलं. डोळ्यांत पाणीही आलं. तिने त्याच्या डोक्यावर तळवा ठेवला, बोटं हळूच केसांत शिरू दिली, अगदी मुळापर्यंत. तो डोळे मिटून बसला.

"काय काढू?" तिने विचारलं.

"काही नको. नुसते काप. पण…"

"पण काय?"

"सावकाश."

तिने कात्री उचलली, आणि पुन्हा खाली ठेवली. दुपार अजून सगळी शिल्लक होती.